भयस्मृती आणि निद्रानाश : किल्लारीच्या अनुभवातून एक चिकित्साविचार

प्रास्ताविक

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ आहेत, हे आपण सर्वजण पदवी अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षापासून शिकत आलो आहोत. त्यांपैकी आहाराविषयी आपल्या चिकित्सालयांत पुष्कळ बोलले जाते. निद्रेविषयी मात्र बहुधा एकच प्रश्न विचारला जातो, "झोप लागते का?" उत्तर नकारार्थी आले की एखादे चूर्ण अथवा वटी लिहून विषय संपतो. झोप केव्हापासून बिघडली, रात्री कोणत्या प्रहरी मोडते, आणि मोडते तेव्हा रुग्णाच्या मनात काय येते, हे प्रश्न राहून जातात. प्रस्तुत लेख या राहून गेलेल्या प्रश्नांविषयी आहे.

भय अथवा शोक यांचा मोठा आघात झाल्यानंतर त्या प्रसंगाची स्मृती मनात कशी रुजते, त्या रुजण्यात निद्रेचा वाटा कोणता, आणि मेंदूत निर्माण होणारी पेप्टाइड नावाची सूक्ष्म द्रव्ये त्यात काय करतात, याविषयी गेल्या पंचवीस वर्षांत बरेच संशोधन झाले आहे. आपल्या संहितांतील निद्रा व स्मृती यांच्या विवेचनाशी ते ताडून पाहिले असता व्यवहारात उपयोगी पडणारा एक निष्कर्ष हाती येतो. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात रुग्णाची स्वाभाविक रात्रीची झोप सांभाळणे ही स्वतंत्र चिकित्सा आहे. आणि गुंगी आणणे म्हणजे झोप आणणे नव्हे.

किल्लारीचा धडा

मराठवाड्यातील वैद्याला या विषयासाठी उदाहरण दूर शोधावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील सास्तूर परिसरात भूकंप झाला. गणेश विसर्जन आटोपून थकून झोपलेली माणसे दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या जड छपरांखाली गाडली गेली. मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या घरात सांगितली जाते. पन्नासहून अधिक गावे उद्ध्वस्त झाली. वाचलेली माणसे त्यानंतर कित्येक महिने पत्र्याच्या निवाऱ्यांत राहिली. लहानमोठे धक्के चालूच होते. छताखाली डोळा लागेना, अशी अवस्था घरोघरी होती.

या भूकंपातील वाचलेल्यांची एक छोटी मानसिक आरोग्य पाहणी १९९६ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअॅट्री या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पाहणी केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक व्यक्तींमध्ये निदान करण्याजोगा मानसिक विकार आढळला, आणि त्यांत आघातोत्तर मानसिक ताण व विषाद हे दोन प्रमुख होते.

येथे वैद्याने एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. हा आघात झोपेतच झाला. त्यामुळे ज्या अवस्थेने मनाला विश्रांती द्यायची, तीच अवस्था भयाशी जोडली गेली. लातूर-धाराशिवकडून आमच्या सेलू तालुक्यात लग्न होऊन वा कामानिमित्त आलेल्या, आता पन्नाशी-साठीत असलेल्या काही रुग्णांमध्ये आजही एक ठरावीक तक्रार ऐकू येते. रात्री नऊला झोप लागते, पहाटे चारच्या आसपास दचकून जाग येते, छातीत धडधडते, आणि मग उजाडेपर्यंत डोळा लागत नाही. तक्रार सांगताना त्या भूकंपाचे नावही घेत नाहीत. "पित्त होते", "वात उसळतो", असे म्हणतात. विचारल्यावरच धागा सापडतो.

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा धक्का परभणी-नांदेड भागात जाणवला. १० जुलै २०२४ रोजी सकाळी पुन्हा तेवढ्याच तीव्रतेचा धक्का बसला. मोठी हानी झाली नाही. परंतु त्यानंतरच्या दिवसांत वालूर व आसपासच्या खेड्यांतून निद्रानाशाच्या ज्या तक्रारी आल्या, त्यांत १९९३ ची स्मृती बाळगणाऱ्यांचा त्रास अधिक काळ टिकला, असे प्रस्तुत लेखकाचे निरीक्षण आहे. जुनी आठवण निजली होती, गेली नव्हती.

निद्रा : शास्त्रीय विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अष्टौनिन्दितीय अध्यायात निद्रेचे विवेचन आले आहे. मन थकले आणि इंद्रिये आपापल्या विषयांपासून निवृत्त झाली म्हणजे मनुष्य झोपतो, अशी तेथील धारणा आहे. सुख-दुःख, पुष्टी-कृशता, बल-दौर्बल्य, ज्ञान-अज्ञान इतकेच नव्हे तर जीवित-मरणही निद्रेच्या अधीन आहे, असे आचार्य सांगतात. निद्रेचे प्रकार सांगताना तमोभवा, श्लेष्मसमुद्भवा, मनःशरीरश्रमसंभवा, आगन्तुकी, व्याध्यनुवर्तिनी आणि रात्रिस्वभावप्रभवा असे सहा भेद केले आहेत. यांतील शेवटची, म्हणजे रात्रीच्या स्वभावाने येणारी निद्रा, हिलाच भूतधात्री म्हटले आहे. हा भेद आपल्या विषयात फार महत्त्वाचा आहे. डोळे मिटलेला प्रत्येक रुग्ण भूतधात्री निद्रा घेत असतो असे नाही. औषधाच्या गुंगीने आलेली झोप ही बाहेरून लादलेली असते.

याच अध्यायात झोप घालवणाऱ्या कारणांच्या यादीत भय, चिंता, क्रोध, उपवास आणि असुखकर शय्या यांचा समावेश आहे. आघातग्रस्त घरात नेमकी ही पाचही कारणे एकत्र नांदतात, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. ज्या घरी अकाली मृत्यू झाला आहे तेथे चूल पेटत नाही, अंथरूण जागेवर नसते, माणसांची ये-जा रात्रभर चालते. औषध देण्यापूर्वी ही कारणे कमी करणे हेच निदानपरिवर्जन.

आणखी एक सूक्ष्म मुद्दा. दिवास्वप्न सामान्यतः निषिद्ध आहे. परंतु ज्यांना ते चालते अशांच्या यादीत बालक, वृद्ध, कृश, जागरणाने थकलेले यांच्याबरोबर क्रोध, शोक व भय यांनी ग्लान झालेल्यांचाही उल्लेख चरकाचार्यांनी केला आहे. आघात झालेला मनुष्य दुपारी अर्धा-पाऊण तास पडला तर घरच्यांनी त्याला हटकू नये, याला शास्त्राधार आहे. अष्टांगहृदयकारांनी तर न सवयीच्या जागरणानंतर गमावलेल्या झोपेच्या निम्मी झोप दुसऱ्या दिवशी सकाळी, जेवणापूर्वी, घ्यावी असे प्रमाणही दिले आहे.

स्मृती : शास्त्रीय विचार

पाहिलेले, ऐकलेले आणि अनुभवलेले पुन्हा मनात येणे म्हणजे स्मृती. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील पहिल्या अध्यायात स्मृती जागी होण्याची आठ कारणे दिली आहेत : निमित्त, रूपग्रहण, सादृश्य, विपर्यय, सत्त्वानुबंध, अभ्यास, ज्ञानयोग आणि पुनःश्रवण. भयस्मृतीच्या रुग्णात यांपैकी सादृश्य व पुनःश्रवण ही दोन कारणे सर्वाधिक त्रास देतात. रस्त्याने जाणाऱ्या उसाच्या ट्रकचा घरघराट, पत्र्यावर पडलेला नारळ, वाऱ्याने वाजलेली कडी, ही सादृश्याची उदाहरणे. प्रत्येक भेटायला आलेल्याने "कसं झालं हो?" असे विचारून तोच प्रसंग पुन्हा सांगायला लावणे, हे पुनःश्रवणाचे उदाहरण.

धी, धृती आणि स्मृती यांचा भ्रंश म्हणजे प्रज्ञापराधाचे मूळ. यांत धृती ही मनाला आवरून धरणारी शक्ती होय. सादृश्याने आठवण जागी झाली तरी "हा ट्रक आहे, भूकंप नव्हे" असे म्हणून मनाला जागेवर आणते ती धृती. जागरणाने सर्वप्रथम दुबळी होते ती हीच, आणि येथेच आधुनिक संशोधनाशी आपली गाठ पडते.

आधुनिक संशोधन : मेंदूतील तीन स्थाने

मेंदूच्या आतील भागात बदामाच्या आकाराचे अॅमिग्डाला नावाचे केंद्र आहे. भयाची जाणीव आणि प्रसंगावर भावनेचा ठसा उमटवणे हे त्याचे कार्य. शेजारचे हिप्पोकॅम्पस प्रसंगाचे स्थळ, काळ आणि क्रम नोंदवते. कपाळामागील प्रीफ्रंटल कॉर्टेक्स अॅमिग्डालावर अंकुश ठेवते.

२००७ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात सुमारे ३५ तास जागे ठेवलेल्या निरोगी तरुणांना अप्रिय चित्रे दाखवण्यात आली. पुरेसे झोपलेल्यांच्या तुलनेत त्यांच्या अॅमिग्डालाचा प्रतिसाद सुमारे ६० टक्क्यांनी अधिक होता, आणि प्रीफ्रंटल भागाशी असलेला त्याचा दुवा क्षीण झाला होता. एका रात्रीच्या जागरणाने एवढा फरक पडतो, तर महिनोन्महिने रात्री अर्धवट झोपणाऱ्याची अवस्था काय होत असेल, याची कल्पना करावी.

याच सुमाराच्या दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले की जागरणानंतर नवीन गोष्टी लक्षात ठेवण्याची शक्ती एकूणच घटते, परंतु सुखद गोष्टींची स्मृती अधिक घटते आणि दुःखद गोष्टींची त्या मानाने कमी. जागरण झालेला मनुष्य दिवसातील चार बऱ्या गोष्टी विसरतो आणि एक वाईट गोष्ट लक्षात ठेवतो. विषादाच्या रुग्णाचे बोलणे ऐकताना आपल्याला हेच आढळत नाही काय?

निद्रेचे दोन प्रमुख टप्पे सांगितले जातात. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ निद्रा अधिक असते. उत्तरार्धात, विशेषतः पहाटे, डोळ्यांची जलद हालचाल असलेली स्वप्नबहुल निद्रा अधिक असते, तिला रेम निद्रा म्हणतात. भावनिक प्रसंगांवर या पहाटेच्या निद्रेत विशेष संस्कार होतो, असे अनेक प्रयोगांतून दिसते. २०११ मधील एका प्रयोगात रात्रभर झोपल्यानंतर तीच अप्रिय चित्रे पुन्हा पाहिली असता अॅमिग्डालाचा प्रतिसाद कमी झालेला आढळला. यावरून असे मत मांडले जाते की चांगली झोप प्रसंग विसरायला लावत नाही. प्रसंग लक्षात ठेवते, पण त्याची धार बोथट करते.

आता किल्लारीच्या रुग्णाकडे पुन्हा पाहावे. पहाटे चारला जाग येणारा रुग्ण नेमकी तीच पहाटेची निद्रा गमावतो जी भयाची धार बोथट करणारी आहे. भयामुळे झोप मोडते, झोप मोडल्यामुळे भय बोथट होत नाही. हे दुष्टचक्र तीस वर्षेही चालू शकते. हा लेखकाचा तर्क आहे, सिद्धांत नव्हे. परंतु रुग्णाला समजावून सांगताना तो फार उपयोगी पडतो.

पेप्टाइडांचे कार्य

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची लहान साखळी. मेंदूतील अनेक पेशी परस्परांना संदेश देण्यासाठी त्यांचा वापर करतात. आपल्या विषयाशी संबंधित पाच पेप्टाइडे पुढीलप्रमाणे.

१) सी. आर. एफ. : ४१ अमिनो आम्लांचे हे पेप्टाइड १९८१ मध्ये ओळखले गेले. ताणाच्या प्रसंगी ते स्रवते आणि पुढे कॉर्टिसॉलची वाढ घडवते. ते झोप हलकी करते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आघातोत्तर ताणाने पीडित अमेरिकन माजी सैनिकांच्या मेंदूजलात त्याचे प्रमाण वाढलेले आढळले.

२) ओरेक्सिन : १९९८ मध्ये दोन स्वतंत्र संशोधकगटांनी शोधलेले, जागृती टिकवणारे पेप्टाइड. मानवी मेंदूत ते निर्माण करणाऱ्या पेशी काही दहा हजारच आहेत. त्या नष्ट झाल्यास नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोपेचा विकार होतो. उंदरांवरील प्रयोगांत भयाचे शिक्षण दृढ करण्यात ओरेक्सिनचा सहभाग दिसला आहे. उपाशीपोटी या पेशी अधिक सक्रिय होतात आणि ग्लुकोजने मंदावतात, असेही प्राण्यांत दिसले. उपवासाने निद्रानाश होतो, या आचार्यांच्या निरीक्षणाशी हे जुळते.

३) न्यूरोपेप्टाइड वाय : ३६ अमिनो आम्लांचे, भय व ताण शमवणारे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खडतर प्रशिक्षणाच्या ताणात ज्या सैनिकांच्या रक्तात ते अधिक होते, त्यांचे मन अधिक स्थिर राहिल्याचे आढळले. सी. आर. एफ. आणि हे पेप्टाइड परस्परविरोधी कार्य करतात.

४) एम. सी. एच. : हे ओरेक्सिनच्या शेजारीच निर्माण होते, परंतु निद्रेला, विशेषतः रेम निद्रेला साहाय्यक आहे. २०१९ मध्ये जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांत असे दाखवले की रेम निद्रेत सक्रिय होणाऱ्या एम. सी. एच. पेशी काही स्मृती पुसण्याचे काम करतात. विसरणे हेही निद्रेचे एक कार्य आहे, ही या संशोधनाची मोठी देणगी.

५) न्यूरोपेप्टाइड एस : जागृती वाढवणारे आणि तरीही चिंता कमी करणारे, असे हे विलक्षण द्रव्य. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी एका कुटुंबात त्याच्या ग्राहीचा जनुकीय बदल शोधला. त्या व्यक्ती स्वभावतःच फार कमी झोपूनही ताज्या असत. तोच बदल केलेल्या उंदरांमध्ये जागरणामुळे होणारी स्मृतिहानी दिसली नाही. मात्र असा बदल अतिशय दुर्मीळ आहे. "मला चार तास पुरतात" असे सांगणारा प्रत्येकजण त्या भाग्यवंतांपैकी नसतो. बहुतेक जण थकवा अंगवळणी पाडून घेतलेले असतात.

एक सावधगिरी

सी. आर. एफ. म्हणजे वात, न्यूरोपेप्टाइड वाय म्हणजे कफ, अशी समीकरणे मांडण्याचा मोह होतो. तो टाळावा. दोष ही शरीरव्यापी संकल्पना आहे. पेप्टाइड हा एक रेणू आहे. दोन्हींचे क्षेत्र भिन्न. दोन शास्त्रे एकाच रुग्णाकडे पाहून जेथे एकच सल्ला देतात, तो सल्ला अधिक विश्वासाने द्यावा. एवढाच समन्वय व्यवहारात पुरेसा आहे.

पहिल्या रात्रीविषयीही संशोधकांत एकमत नाही. २०१० मधील एका जपानी प्रयोगात अप्रिय दृश्य पाहिल्यानंतर पहिली रात्र जागे राहिलेल्यांमध्ये भयाचा विस्तार कमी दिसला. २०१६ मधील एका युरोपीय प्रयोगात उलट, झोपलेल्यांनाच पुढील दिवसांत नको असलेल्या आठवणी कमी आल्या. म्हणून पहिल्या रात्री रुग्णाला बळेच झोपवू नये आणि बळेच जागेही ठेवू नये. त्यानंतरच्या दीर्घ निद्रानाशाच्या दुष्परिणामांविषयी मात्र दुमत नाही.

रुग्णपरीक्षण

निद्रानाशाच्या प्रत्येक रुग्णाला पुढील प्रश्न विचारावेत. त्यास पाच मिनिटे लागतात.

झोप लागण्यास त्रास आहे की टिकण्यास? कोणत्या वेळी मोडते? त्या वेळेला काही घडले होते काय? जाग येताच प्रथम काय जाणवते : धडधड, घाम, लघवीची भावना की विचार? एकच स्वप्न वारंवार पडते काय? कोणता आवाज वा वास नकोसा वाटतो? रात्री पाण्यावर जावे लागते काय?

शेवटचा प्रश्न आपल्या भागात अगत्याचा आहे. कृषिपंपांची वीज आठवड्यातील काही दिवस रात्रपाळीत येते तेथे शेतकरी मध्यरात्री मोटार सुरू करायला जातो. विंचूकाट्याचे भय, कर्जाची चिंता आणि जागरण एकत्र येतात. अशा रुग्णाला केवळ चूर्ण देऊन उपयोग नाही. घरात पाळी वाटून घेणे, आणि जागरणानंतर सकाळी जेवणापूर्वी निम्मी झोप भरून काढणे, हा वाग्भटोक्त उपाय त्याला लिहून द्यावा.

चिकित्सासूत्र

पहिले तीन दिवस : आश्वासन हीच मुख्य चिकित्सा. भयज व शोकज अतिसाराच्या चिकित्सेत आचार्यांनी वातहर उपक्रमांबरोबर हर्षण आणि आश्वासन सांगितले आहे, ते येथेही लागू पडते. रुग्णाला एकटे झोपवू नये. गरम, हलके, वेळेवर अन्न द्यावे. उपाशी झोपू देऊ नये. प्रसंग सांगायचा असेल तर ऐकून घ्यावे, सांगायचा नसेल तर खोदून विचारू नये. भेटायला येणाऱ्यांनाही हे सांगण्याची जबाबदारी घरातील एका वडीलधाऱ्यावर सोपवावी.

पहिला महिना : झोपण्या-उठण्याची वेळ निश्चित करावी. सायंकाळी तिळाच्या तेलाने पादाभ्यंग व शिरोभ्यंग, त्यानंतर कोमट पाण्याने स्नान. संवाहन, मनाला रुचणारा गंध व शब्द, सुखकर शय्या यांचा चरकोक्त निद्राजनक उपायांत समावेश आहेच. अग्र्यद्रव्यांत म्हशीचे दूध निद्राजनकांमध्ये श्रेष्ठ मानले आहे. परभणी जिल्ह्यात ते घरोघरी मिळते. अग्नी व कफ पाहून रात्री एक कपभर कोमट द्यावे. प्रमेही, स्थूल व मंदाग्नी रुग्णांत विचार करावा. संहितेतील निद्राजनक द्रव्यांत मद्याचाही उल्लेख आहे. तथापि आजच्या स्थितीत तो सल्ला देऊ नये. मद्याने झोप लवकर लागते, पण रेम निद्रा दबते आणि उत्तररात्री झोप मोडते. शिवाय व्यसन जडते ते वेगळेच.

औषधांत अश्वगंधा मूळ चूर्ण ३ ते ६ ग्रॅम दुधाबरोबर, जटामांसी २ ते ३ ग्रॅम फांटरूपाने, शंखपुष्पी ३ ते ६ ग्रॅम, यांची योजना प्रकृती पाहून करावी. अश्वगंधेवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत ६० निद्रानाशाच्या रुग्णांना दहा आठवडे अर्क अथवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. अर्क घेणाऱ्यांत झोप लागण्यास कमी वेळ लागला आणि झोपेची प्रत सुधारली. चाचणी लहान आहे हे विसरू नये. गर्भिणी, थायरॉइडची औषधे घेणारे, आणि आधीच झोपेच्या गोळ्या घेणारे यांना अश्वगंधा देताना विशेष काळजी घ्यावी. यकृताला इजा झाल्याची विरळ उदाहरणेही नोंदली गेली आहेत. कावीळ, खाज वा गडद लघवी दिसताच औषध थांबवावे.

सर्पगंधेचा उल्लेख स्वतंत्रपणे केला पाहिजे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि १९५२ मध्ये रेसर्पिन हे तिचे क्षाराभ वेगळे करण्यात आले. ही आपल्या वनस्पतींच्या इतिहासातील अभिमानाची गोष्ट आहे. परंतु रेसर्पिन मेंदूतील सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनलिन यांचे साठे रिते करते आणि काही रुग्णांत विषाद वाढवते. म्हणून शोकग्रस्त व विषादयुक्त रुग्णात, केवळ झोप यावी म्हणून, सर्पगंधा योजू नये. रोग वाढवणाऱ्या भावांत विषाद श्रेष्ठ, हे अग्र्यसंग्रहातील वचनही स्मरणात असावे.

एक महिन्यानंतर : भय टिकून असल्यास सत्त्वावजय. अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह, असे त्याचे स्वरूप सांगितले आहे. याचा अर्थ आठवण दडपणे असा घेऊ नये. पहाटे चारला जाग येणाऱ्या रुग्णाला अंथरुणात घड्याळ पाहत पडू न देता उठवून बसवावे, दिवा मंद लावावा, पाय जमिनीवर टेकवून दीर्घ श्वास घ्यावयास सांगावे, आणि "आजचा वार कोणता, मी कोठे आहे" हे स्वतःशी म्हणावयास लावावे. ही धृतीची उपासना आहे. भयकारक आवाजांना दिवसा, सोबतीला माणूस असताना, थोडे थोडे सामोरे जाणे हा अभ्यास. अशा शिकवणीने विझलेले भय पुढे झोपेत दृढ होते, असे मानवी प्रयोगांतूनही दिसते. म्हणून दिवसाचा अभ्यास व रात्रीची झोप दोन्ही बरोबर चालावीत.

औषधविक्रेत्या बांधवांसाठी

भूकंप, अपघात वा मृत्यूनंतर घरचे लोक प्रथम औषधाच्या दुकानातच येतात, हे आपण जाणतोच. "एखादी झोपेची गोळी द्या" ही मागणी त्या वेळी नाकारणे कठीण असते, तरीही नाकारावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात ताणाच्या लक्षणांसाठी अथवा निद्रानाशासाठी बेंझोडायझेपिन गटातील औषधे देऊ नयेत. ती निद्रेचे स्वाभाविक टप्पे बदलतात आणि सवय लावतात. अल्प्राझोलम, झोल्पिडेम यांसारखी औषधे मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय विक्री होऊ शकत नाही आणि विक्रीची नोंद तीन वर्षे ठेवावी लागते. मात्र जो रुग्ण अशा गोळ्या वर्षानुवर्षे घेत आहे त्याला त्या एकाएकी बंद करण्याचा सल्ला देऊ नये. आकडी येण्याचा धोका असतो. हे काम संबंधित डॉक्टरांकडूनच, हळूहळू व्हावे.

खुरासानी ओवा अर्थात पारसीक यवानी असलेले योग अनुसूची ई-१ मध्ये मोडतात. त्यांच्या आवरणावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना असावी लागते. त्यातील द्रव्ये वृद्धांमध्ये स्मृती व भान बिघडवू शकतात. तसेच एकाच गोळीत हमखास गाढ झोप देणारे कोणतेही "संपूर्ण वनस्पतिजन्य" उत्पादन दुकानात ठेवण्यापूर्वी त्याचा परवाना व घटक तपासावेत.

पुढे केव्हा पाठवावे?

जीव नकोसा झाल्याचे बोलणे, सलग अनेक रात्री मुळीच झोप नसणे, भ्रम, अन्न वर्ज्य करणे, नव्याने वाढलेले मद्यपान, अथवा एक महिन्यानंतरही कामधंदा बंद, यांपैकी एकही लक्षण असल्यास रुग्ण मानसरोगतज्ज्ञांकडे पाठवावा. "आत्महत्येचा विचार येतो काय?" असे थेट विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट रुग्णाला बोलायला जागा मिळते. केंद्र शासनाची १४४१६ ही टेलिमानस दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. हा क्रमांक प्रत्येक चिकित्सालयात व दुकानात दर्शनी लावावा. पाठवलेल्या रुग्णाचा पाठपुरावा सोडू नये. तो आपला रुग्ण राहतोच.

उपसंहार

मोठ्या आघाताचा रुग्ण आपल्याकडे येतो तेव्हा आघात होऊन गेलेला असतो. तो आपण टाळू शकत नाही. परंतु त्याची स्मृती पुढील तीस वर्षे कशी वागणार, हे काही अंशी त्यानंतरच्या तीस रात्रींवर अवलंबून असते. त्या रात्री सांभाळण्यासाठी लागणारी साधने महाग नाहीत : वेळेवर अन्न, तेल, दूध, सोबत, आश्वासन आणि सावधपणे निवडलेली वनस्पती. गावातील वैद्य आणि गावातील औषधविक्रेता हेच त्या घरी सर्वप्रथम पोहोचतात.

स्वाध्याय

१) आपल्या चिकित्सालयातील निद्रानाशाच्या पुढील दहा रुग्णांत झोप मोडण्याची वेळ आणि त्या वेळेशी निगडित प्रसंग यांची नोंद करा.

२) स्मृतीच्या आठ कारणांपैकी कोणते कारण प्रत्येक रुग्णात प्रबळ आहे, ते लिहा.

३) त्या रुग्णांपैकी किती जण निद्राकारक गोळ्या घेतात, त्या कोणी सुरू केल्या आणि किती दिवसांपासून चालू आहेत, याची माहिती घ्या.

४) सहा निद्राप्रकारांपैकी रुग्णाला सध्या मिळणारी निद्रा कोणत्या प्रकारात बसते, याचा विचार करून चिकित्सेची दिशा ठरवा.